गहिनीनाथची मोरपंखी वॅगन

चौसाळ्याजवळच्या एका सहकारी दूध संघात गहिनीनाथ फिटर होता. संघाचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं जी मदत पाठवली, तिच्यात एक लांबडी जपानी स्टेशन वॅगन आली होती. दूधभुकटी वाटून संपली, संस्थेची माणसं गेली, गाडी मागं राहिली. याच्या-त्याच्या हातून फिरत ती संघाच्या कुंपणाला येऊन टेकली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. संघानं ती भंगारात काढली तेव्हा घेणारा एकटा गहिनीनाथ निघाला.

त्यानंतर नऊ वर्षं तो तिच्याशी झटत होता. तिचं इंजिन जाम झालेलं, जपानचा सुटा भाग चौसाळ्यात मिळणार कुठून? त्यानं तिला मॅटाडोर टेंपोचं डिझेल इंजिन बसवलं. ते उंच निघालं, बॉनेट मिटेना. मग त्यानं बॉनेटला वरून फुगवटा दिला, आणि फुगवटा वाईट दिसू नये म्हणून त्याची रेघ ठोकत ठोकत थेट काचेपर्यंत नेली. ती रेघ पाहून गाडी जन्मतःच तशी असावी असं वाटे. दुधाच्या फुटक्या कॅनांची झाकणं ठोकून त्यानं चाकांना चकचकीत टोप्या केल्या. अशा कामात तो बोलत नसे. जिभेचं टोक दातात धरून काम करायची त्याला सवय होती.

संघाचा ड्रायव्हर आश्रुबा येता-जाता म्हणे, "बे गहिन्या, ही गाडी हाय का म्हातारी नटवून ठिवलीस? हिला स्थळ कुठून आणणार?"

"तुला मिळाली तशीच हिलाबी कुणी आंधळी पार्टी मिळंल," गहिनीनाथ म्हणे, आणि पुन्हा हातोडी घेई.

हे सगळं कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग एकुलत्या लेकीचं, अंजनाचं, लग्न ठरलं आणि सगळ्यांना उत्तर मिळालं. तिची पाठवणी याच गाडीतून. मागचं सीट काढून त्यानं सपाट फळी टाकली, वर गुळगुळीत रेक्झिन ताणलं, म्हणजे रुखवताची भांडी आत सहज सरकवता येतील.

ते शहाऐंशी-सत्याऐंशीचं दुष्काळी वर्ष. दूध आटलं, जनावरं छावणीत गेली, संघाच्या गाड्या जागच्या हलेनात. गहिनीनाथला वेळच वेळ होता. रंग द्यायच्या आधी पत्रा पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासावा लागतो, त्याला रोज तांब्याभर पाणी लागे. टँकर चौथ्या दिवशी येई. त्याची बायको छबुबाई भांडी राखेनं कोरडी घासून तो तांब्या वाचवी. गाडी मोरपंखी झाली. अंजनानं मागं ठेवायला दोन उशा भरल्या, खिडक्यांना पडदे शिवले.

लग्न आठ दिवसांवर असताना शेजारची कौशल्याबाई दारात आली. तिचा थोरला, शहादेव, बायकोला घेऊन साताऱ्याकडं ऊस तोडायला गेला होता. भरलेली बैलगाडी उताराला उलटली आणि तो खाली सापडला. संघाच्या फोनवर निरोप आला होता.

ती रडत नव्हती. "गहिनीनाथा, मुकादम म्हणतो तिकडंच उरकून घ्या. जीपवाले न्हाई म्हणत्यात. टेंपोवालेबी न्हाई म्हणत्यात. माज्या लेकाला परक्या रानात जाळू नका रे."

गहिनीनाथच्या आधी छबुबाई बोलली. "आक्का, तुमचं दुःख लई मोठं हाय. पर ह्याच गाडीत माजी लेक बसायचीय. मढं वाहिलेल्या गाडीत नवरी बसवत न्हाईत. तुमाला सांगायला पायजे का?"

"ठावं हाय, माय. म्हणून तर पाय उचलत नव्हता," कौशल्याबाई म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेर खाली बसली.

अंजना घरातून आली. तिनं गाडीचं मागचं दार उघडलं, उशा काढून काखेत घेतल्या आणि पडद्यांच्या दोऱ्या सोडू लागली.

"काय करायलीस?" गहिनीनाथनं विचारलं.

"आक्काला बसवून ठिवू नका, दादा," ती बापाला म्हणाली.

शहादेवचा धाकटा भाऊ रामकिसन गहिनीनाथबरोबर साताऱ्याकडं गेला. दवाखान्यातून कागद झाल्यावर वाकळेत गुंडाळलेला शहादेव त्यांनी बर्फ आणि कडुलिंबाचा पाला घालून मागं ठेवला. त्याची बायको रुक्मिणीबाई ऊसतोड्यांच्या झोपड्यांतल्या आपल्या कोपीवरून संसाराची एक पेटी घेऊन आली. गाडीकडं पाहून ती दचकली.

"ही अंजनाची गाडी ना, भाऊजी?"

"बसा वैनी," रामकिसन म्हणाला.

रेक्झिन गुळगुळीत होतं, त्यात बर्फ वितळलेला. प्रत्येक वळणाला शहादेव सरकत होता. रुक्मिणीबाई मागं जाऊन बसली आणि तिनं नवऱ्याचे पाय दोन्ही हातांनी धरले.

"पुढं या वैनी, लांबचा रस्ता हाय."

"नको. हे सरकत्यात."

नऊ वर्षांत गहिनीनाथनं त्या गाडीतला एकेक खडखडाट शोधून काढून बंद केला होता. हा सरकण्याचा आवाज त्याच्याच हातचा होता. चौसाळ्यापर्यंत त्यानं एकदाही वेग वाढवला नाही.

गाडी धुवायला पाणी नव्हतं. हळदीसाठी राखलेल्या पाण्यातला एक हंडा छबुबाईनं बाहेर आणून ठेवला.

तिसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाचे चुलते सुंदरराव आले. चहा घेतला, छावणीतल्या जनावरांची चौकशी केली, मग म्हणाले, "व्याही, तुमी पुण्याचं काम केलं. आमच्या घरात कुणी नाव ठिवत न्हाई. फकस्त पाठवणीला आमी आमची जीप आणतो."

"गाडीची शांती करून घेतली तर?" गहिनीनाथनं विचारलं.

"घ्या की. पर बायकांच्या मनातून काढणार कसं?"

गहिनीनाथनं मान हलवली. लग्नात त्यानं वॅगन घरामागं नेऊन ताडपत्रीखाली झाकली. जीपमध्ये चढताना अंजनानं तिकडं पाहिलं नाही. ती मुद्दाम पाहत नाही, हे त्याला कळलं.

चौसाळ्यात आता सगळ्यांना ठाऊक होतं की गहिनीनाथची गाडी न्हाई म्हणत नाही. उसाचा हंगाम संपेपर्यंत त्यानं आणखी चौघांना असंच घरी आणलं, त्यात एक बाळंतीण होती. पहिल्या खेपेनंतरच त्यानं रेक्झिन उचकटून टाकलं होतं. त्या जागी माणसाच्या लांबीची, कडा उचललेली फळी केली, तिला रुंद पट्टे लावले. माप घ्यायला तो स्वतः आडवा झाला. छबुबाईनं ते पाहिलं आणि चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

अखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, तो लेकीला आणायला गेला, एस.टी.नं. ती गाडी व्याह्यांच्या दारात उभी करायची नाही, हे कुणी सांगावं लागलं नाही. बसमध्ये बापलेकीला जागा मिळाली नाही, दोघं दांडी धरून उभी राहिली.

"रंग टिकलाय का, दादा?" अंजनानं विचारलं.

"टिकलाय. धूळ लई बसते."

घरी पोचले तेव्हा पलीकडच्या वाडीचा एक म्हातारा ओट्यावर बसला होता. डोक्याचं मुंडासं काढून त्यानं मांडीवर ठेवलं होतं. अंजनानं पिशवी खाली ठेवली आणि त्याला पाणी नेऊन दिलं. गहिनीनाथनं कुठल्या गावाहून आणायचं ते विचारलं, किती लांब ते विचारलं, आणि किल्ली घ्यायला आत गेला.

"दोन घास खाऊन जा, दादा. मी दोनच दिस हाय," अंजना म्हणाली.

"बसा बाबा पुढं," तो म्हाताऱ्याला म्हणाला. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी काढली.

तिसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा सासरचं माणूस येऊन अंजनाला घेऊन गेलं होतं.