धुक्यातली हाक

दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या आमच्या घरी कपाट आवरताना जुन्या जॅकेटच्या खिशात निलगिरीचं वाळकं पान सापडलं. चुरगळल्यावर वास आला आणि इथिओपियाचं ते थंडगार पठार आठवलं. दोह्याहून आम्ही मायलेकी एका गटाबरोबर पक्षी बघायला गेलो होतो. धुक्यात गाइडनं ओठांवर बोट ठेवलं. पुढ्यात निळ्या पंखांचे हंस होते, फक्त त्याच देशात दिसणारे. सगळे श्वास रोखून उभे, आणि माझ्या शेजारी माझी आठ वर्षांची लेक नव्हती. पलीकडे खोल दरी होती. हंस उडतील, लोक काय म्हणतील, म्हणून मी चक्क गप्प राहिले. मग मात्र राहवेना. जोरात हाक मारली. हंस उडाले, सगळे चिडले, आणि एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी लेक धुक्यातून रडत ओरडली, "आई, मी इथंय गं!" आता ती परदेशात शिकते. रोज फोनवर "आय ॲम फाइन" म्हणते, आणि माझा जीव काही भांड्यात पडत नाही.