आरशात न आलेला माणूस

त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का ते बघतो ना, तसा हा फोटोत इमारती सरळ उभ्या करायचा. उंच इमारत मावत नाही म्हणून आपण कॅमेऱ्याचं तोंड वर करतो, की ती मागे कलंडते, पोटभर जेवलेल्या पाहुण्यासारखी. ओळंबा कॅमेरा वर करायचाच नाही. कॅमेरा नाकासमोर सरळ ठेवायचा आणि चाक फिरवून नुसती लेन्स वर सरकवायचा. भिंती ताठच्या ताठ!

ती लेन्स बाजूलाही सरके. आरसा असलेल्या खोलीत त्याचा फार उपयोग. कॅमेरा दोन हात डावीकडे न्यायचा, लेन्स उजवीकडे सरकवायची. आरसा अगदी समोरून काढल्यासारखा येतो आणि काढणारा त्यात कुठेच नसतो. हॉटेलवाले, फर्निचरवाले खूश. तीस वर्षं हा बाबा आरशाआरशांतून स्वतःला वगळत आला.

बायको म्हणायची, "जगाच्या आरशांचे फोटो घरात, आपल्या दोघांचा एक नाही. लग्नातला रोलसुद्धा धुताना बिघडला. नशीबच आमचं धुवायला टाकलेलं!"

मग ती आजारी पडली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पलंगावर बसून तिने केस नीट केले आणि कपाटाच्या आरशाकडे बोट दाखवलं.

"अहो, यात काढा. दोघंही येऊ. एकच."

त्याने स्टँड लावलं, डोळा लावला. आरशात बायको, आणि तिच्या पुढ्यात स्टँडचे तीन पाय अन् स्वतःचं कोपर. हाताला तीस वर्षांची खोड! स्टँड डावीकडे गेलं, चाक फिरलं, कोपर गेलं, चौकट स्वच्छ झाली. त्याला बरं वाटलं, कामावर वाटायचं तसं.

"हसा की मेलं तुम्हीपण," ती आरशाकडे बघत म्हणाली. तो हसला आणि त्याने बटण दाबलं.

ती दवाखान्यातून परत आली नाही. महिन्याने रोल धुतला. पलंग, उशी, हसणारी ती. एकटी.

त्याने लेन्स कपाटात टाकली आणि बोलणंही जवळजवळ टाकलं.

मुलगी कॉम्प्युटरवर न बांधलेल्या घरांच्या खोल्या दाखवायचं काम करी. एकदा म्हणाली, "बाबा, आमच्या कॅमेऱ्यातही तुमची लेन्स आहे. चाक नाही, नुसता आकडा घालायचा. बघा, भिंती सरळ झाल्या."

त्याने तिथल्या आरशाकडे बघितलं. "कॅमेरा दिसत नाही यात?"

"तो खरा नसतोच हो. लपवायला कुणी नाही."

 मग त्या फोटोबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. "मी होतो गं. तरी लपलो. तिने एकच मागितलं होतं."

"मी बसवते तुम्हाला त्या फोटोत. कळणारही नाही."

"नको. मला कळेल ना."

तो उठून पलंगाच्या खोलीत गेला. गालिच्यावर स्टँडच्या पायांचे खळगे अजून होते. मुलीला तिथं उभं केलं आणि स्वतः पलंगावर, बायकोच्या जागी बसला. समोर कपाटाच्या आरशात बघितलं. काठाशी का होईना, मुलगी पुरती दिसत होती, केसांपासून पायांपर्यंत.

"दिसतेस," तो म्हणाला. "इथून दिसतं माणूस. तिलाही दिसलं असेल."

"मी जाऊ का आता? दूध उतू जाईल."

"जाऊ दे उतू. उभी राहा जरा."

ती उभी राहिली. आणि तो आरशात बघून, तेव्हा हसला होता तसा, हसायला लागला.