पस्तीस टक्क्यांना पास

माझ्या मुलीचं अपंगाचं कार्ड मी घालवलं. हरवलं नाही हो, मिळूच दिलं नाही!

सुनंदाच्या डाव्या पायात लहानपणीच पोलिओ शिरला. आता ती पन्नाशीला आली. पायाच्या लोखंडी कॅलिपरचे पट्टे तुटलेले, कंबरही धरू लागली. गावातली आशाताई म्हणाली, "मावशी, कार्ड काढा. सरकारी योजनेतून नवा कॅलिपर मिळंल, कमरेचा इलाजबी व्हईल. फक्त तपासणीत चाळीस टक्के लागत्यात."

आमच्या घरात चाळीस टक्के कुणालाच पडलेले नव्हते. (मी स्वतः चौथीत दोनदा बसलेली.) म्हणून मी जोरात तयारी केली. आठ दिवस पायाला तेल चोळलं. जायच्या दिवशी काठाची साडी नेसवली, निऱ्या पार जमिनीला टेकवल्या आणि तुटका कॅलिपर खाटेखाली सारला.

"आये, डॉक्टरकडं चाललोय, लग्नाला न्हाई!"

"गप. चार लोकांत शोभा नको."

सवयच तशी लागलेली. सुनंदाला बघायला पाहुणे यायचे तेव्हा ते यायच्या आधीच मी तिला पाटावर बसवून ठेवायची. चहा मी न्यायची. पाहुणे जाईपर्यंत तिनं हलायचं नाही. एकदा पाहुणे तीन तास गप्पा मारत बसले, पोरीचा चांगला पायसुद्धा बधिर झाला! शेवटी ज्यानं तिला केली, त्या जावयानं तिला लंगडत पाणी आणताना रस्त्यात आधीच पाहिलेलं होतं. हे मला लग्नानंतर, तो आमच्याच घरी राहायला आल्यावर कळलं.

नगरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "ताई, चालून दाखवा."

मी उठलेच! तिच्या अधू बाजूला गेले, कमरेत हात घातला, तिचा सगळा भार माझ्यावर घेतला आणि तिला खोलीभर मिरवून आणली.

"लई झ्याक चालती, साहेब! दिवसभर खुरपती."

"जिना चढतात का?"

"पळत!"

"आये!" सुनंदानं मला चिमटा काढला.

"लाजती जरा," मी डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी पाय तपासला, मी सांगितलेलंही सगळं लिहून घेतलं. कागदावर आलं, पस्तीस टक्के. माझी छाती फुगली. शाळेत पस्तीसला पास करतात! स्टँडवर मी पावशेर पेढे घेतले. एसटीत सुनंदा खिडकीकडे तोंड करून रडत होती. मला वाटलं, आनंदानं.

"आये, अधूपणाचे चाळीस लागत हुते," एवढंच बोलली.

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला.

त्यानंतर ती कॅलिपरला सुतळी बांधून वावरली. एके दिवशी सुतळी तुटली आणि ती नळावर पडली. महिनाभर अंथरुणात होती. एका शब्दानं मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आशाताईनं फेरतपासणीचा अर्ज भरला. या वेळी सुनंदानं बजावलं, "आये, तू बाहीर बसायचं. तोंडाला पदर लावून."

दाराच्या फटीतून मी पाहिलं. ती एकटी चालत होती. प्रत्येक पावलाला हातानं मांडी दाबून गुडघा मागं रेटत होती, तेव्हा कुठे पुढचं पाऊल. एवढीशी खोली, पण संपेना. इतकी वर्षं मी तिच्या बाजूला राहून जगापासून ते झाकलं, आणि जगाच्या आधी माझ्यापासूनच झाकलं गेलं. माझ्या पोरीचं चालणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

कार्ड झालं. डॉक्टर दारापर्यंत आले. मी भिंतीला धरून उठत होते.

"आजी, गुडघे दुखतात वाटतं? आलाच आहात तर दाखवून घ्या."

मी पदर सावरला, ताठ झाले. "मला काय धाड भरलीय? पळत जिना चढते मी!"

जिना उतरताना कार्डवाली पुढं होती आणि पळत चढणारी कठडा धरून मागं.