उलटं वाढलेलं पान

आत्या गेल्याचा निरोप बागलीला, माझ्या सासरी, पोचला तेव्हा मी तिच्याशीच भांडत होते. मनातल्या मनात, पोळ्या लाटता लाटता. समोरचा दुकानदार घाईघाईनं दारात आला आणि म्हणाला, "दीदी, देवास से फोन था, आपकी बुआजी नहीं रहीं." दुपारचं जेवून ती पाटावर भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या गेली, असं नंतर तिच्या मुलानं, अनिलदादानं सांगितलं. अशा वेळी माणसाला रडू येतं. मला आधी रागच आला. आमचं भांडण अर्धं राहिलं होतं आणि ही बाई परस्पर निघून गेली होती... आता काही आठवडे झाले, तरी तो राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, पण मला रीतींबद्दलच बोलायचं आहे, त्यामुळे ही एक मोडली तर बिघडत नाही.

आमचं घर धारचं. वाडवडील कधीकाळी दरबाराबरोबर मराठी मुलखातून इकडे आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याबाहेर मालवी आणि हिंदी, आत मात्र आले त्या दिवसाचं सोवळंओवळं, तिकडे महाराष्ट्रात लोक विसरूनही गेले असतील असं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि लहानग्या अनिलदादाला घेऊन भावाच्या घरी परत आली. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास माझ्या आईला बदनावरच्या शाळेत नोकरी लागली, ती शनिवारी यायची आणि सोमवारी पहाटेच्या बसनं जायची. मी आठ वर्षांची होते. घर आत्याच्या हातात गेलं आणि घराबरोबर मीही.

मी डावखुरी. आईनं त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं, तिला एवढंच हवं असायचं की पोरीनं पोटभर जेवावं आणि पाढे पाठ करावेत. आत्यानं पहिल्याच दिवशी माझ्या हातातला घास थांबवला. "कार्टे, तो हात कशाला ताटात घातलास? उजवा काढ." मी उजवा काढला, दोन घासांनी विसरले आणि परत डावा घातला. चार-पाच दिवस असं चाललं. मग तिनं जुन्या लुगड्याच्या काठाची एक पट्टी फाडली आणि जेवायच्या वेळी माझा डावा हात पाठीमागे नेऊन परकराच्या नाडीला बांधला. अभ्यासाला बसतानाही बांधला. मी किंचाळायचे, लाथा झाडायचे. बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "ताई सांगते तसं कर गं." शनिवारी आई आली की पट्टी नाहीशी व्हायची, आणि मी तक्रार केली की आई माझ्या डोक्यावरून नुसता हात फिरवायची. आत्या नसती तर आईची नोकरी चालली नसती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

गोठ्यातल्या गाईलासुद्धा दावं लांब देतात. मला ते मनगटाएवढंच मिळालं. वर्षभरात मी उजव्या हातानं जेवायला, लिहायला, वेणी घालायला शिकले. अक्षर सुरेख आलं, आत्या ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. पण कुठलीही गोष्ट करण्याआधी मी क्षणभर थबकते, ते तेव्हापासून. दार उघडताना, दिवा लावताना, कुणी काही पुढे केलं तर ते घेताना. आधी डावा हात निघतो, मग आतून कुणीतरी हटकतं, मग उजवा जातो. लोक म्हणतात, शैलाचा स्वभाव विचारी आहे. कसला डोंबलाचा विचारी! बांधलेल्या हाताची सवय आहे ती, तिलाच लोक स्वभाव म्हणतात, आणि मीही कित्येक वर्षं तसंच समजत होते.

आत्याचं स्वयंपाकघर म्हणजे किल्ला होता. सोवळ्यात असताना तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि ती जवळजवळ कायमच सोवळ्यात असायची. दार लोटलेलं. आतून फोडणीचा आवाज, विळीवर भराभर चिरल्याचा आवाज यायचा. गणपतीत वीस-पंचवीस पानं असली तरी ती एकटी सगळं उरकायची. गंमत अशी की वाढायला बाहेर आली की तीच आत्या अगदी संथ व्हायची. भाताची मूद पाडताना हात थरथरायचा, वरण ताटाबाहेर जायचं. पंगतीत चेष्टा चालायची की आत्या वाढायला आली, आता तासभर बसा. आम्हाला वाटायचं, चुलीशी राबून थकली असेल.

पुढे अनिलदादाला देवासला कारखान्यात नोकरी लागली आणि तो तिला तिकडे घेऊन गेला. कारखान्याच्या क्वार्टरमध्येही स्वयंपाकघर तिचंच. दादाची बायको वंदना शाळेत शिकवायची. तिचा चहापाण्याचा स्टोव्ह बाहेरच्या खोलीत वेगळा होता. सासूच्या हातचं आयतं ताट मिळत होतं, तेव्हा तिनंही त्या दाराआड डोकावायचा कधी हट्ट धरला नाही.

मी सागरला मानवशास्त्र शिकायला गेले. तिथे एकदा आमचे सर अगदी शांतपणे म्हणाले की हात निसर्ग देतो, त्यातला उजवा पवित्र आणि डावा ओवळा, हे मात्र समाज ठरवतो, आणि मग तेच आपल्याला आपल्या रक्तातलं वाटू लागतं. मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. माझे कान तापले. किती स्वच्छ वाक्य होतं ते! त्यात लुगड्याची पट्टी नव्हती, नाडीची गाठ नव्हती, पाठीमागे मुंग्या आलेली बोटं नव्हती. त्याच सुमारास पाहणीसाठी आम्हाला गंधवानीकडच्या भिल्लांच्या पाड्यांवर नेलं होतं. तिथल्या बायकांना मी दिवसभर विचारत होते, हे का करता, ते का करत नाही. एक म्हातारी वैतागून म्हणाली, "तुम लोगों के घर जाकर भी कोई ऐसे पूछता है क्या?" कुणीच विचारत नव्हतं. म्हणून येताना मी देवासला उतरले आणि आत्यालाच विचारलं, "माझा हात का बांधलास?" सरांचं वाक्यही तिला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती, उजव्या हातानं, एकेक खडा शोधत. म्हणाली, "शिकलीस ना एवढी? कुठल्या हातानं लिहून शिकलीस?" मी चिडून म्हणाले, "अगं, दुसऱ्यानंही शिकले असते!" त्यावर ती म्हणाली, "डाव्या हाताच्या मुलीला लोक नांदू देत नाहीत, बाई. तुला काय माहीत..." आणि पुन्हा तांदळातला खडा शोधू लागली.

नांदले मी. बागलीला लग्न करून आले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले आणि मुक्ता झाली. मुक्तानं पहिला खुळखुळा डाव्या हातात धरला तेव्हाच मी मनाशी ठरवलं की हिच्या हाताला कुणी शिवायचं नाही. सासूबाई कुरकुरायच्या, शेजारणी टोकायच्या, मी ऐकून सोडून द्यायचे. मुक्ता चार वर्षांची झाली तेव्हा, या संक्रांतीनंतर, तिला घेऊन देवासला गेले. खरं सांगायचं तर आत्याला मुद्दाम दाखवायला गेले होते. बघ, बांधल्यावाचून पोर वाढते की नाही.

मुक्ता पाटावर बसली आणि डाव्या हातानं चमचा वाजवायला लागली. आत्या दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ बघत होती. मग आत गेली आणि ताट घेऊन आली. ताट पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याकडे चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. या ताटात लिंबू-चटणी उजवीकडे होती आणि भाजी-आमटी डावीकडे. आमच्या घरात असं उलटं पान एकाच दिवशी वाढतात, श्राद्धाच्या, पितरांना. मी ओरडले, "आत्या! माझ्या पोरीपुढे श्राद्धाचं पान वाढतेस? डावखुरी आहे म्हणून? लाज नाही वाटत?" आत्याचा चेहरा पांढरा पडला. "जेवू दे गं तिला..." एवढंच ती म्हणाली. मुक्ता जेवत होतीच, मजेत, डावीकडची भाजी डाव्या हातानं. मी तिला भरल्या ताटावरून उठवलं, तिचे हात धुतले आणि तशीच बसस्टँडवर गेले. मागून अनिलदादा म्हणत होता, "अगं सुन तो, शैला, काय करून राहिली तू?" मी वळून पाहिलं नाही. आत्याची माझी शेवटची भेट ती.

तिच्या तेराव्याला मी देवासला गेले. सुतकात शेजारून डबे येत होते आणि तेराव्याचा स्वयंपाक आचाऱ्यानं व्हरांड्यात केला, त्यामुळे तिचं स्वयंपाकघर बंदच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना पहिल्यांदा आत गेली आणि पाच मिनिटांत वैतागून बाहेर आली. "वन्सं, मी तर परेशान झाले. आईंनी सगळं उल्टंच लावून ठेवलंय. हात घालावा तिथे काही म्हणून नाही." दादा म्हणाला, "शेवटी शेवटी आईचं जरा असंच झालं होतं. उद्या मिस्त्रीला बोलावतो, खिळेबिळे काढून नव्यानं लावून घेऊ." मी म्हटलं, थांबा, चहा मी करते, आणि आत गेले.

आत कुणी नव्हतं. कुणी नसलं की माझा डावा हात आपोआप पुढे होतो. तसा तो झाला, आणि माचिस हाताला लागली. सांडशी हाताला लागली. साखरेचा डबा, चहाचा डबा, गाळणं, मिठाची बरणी, सगळं शेगडीच्या डाव्या अंगाला, न बघता हातात येईल असं. मी थबकले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एका स्वयंपाकघरात न थबकता चहा केला. त्याच बाजूच्या खिळ्याला लोखंडी उलथनं टांगलेलं होतं. ते मी ओळखलं, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेलं ते धारचं उलथनं होतं, माझ्या लहानपणीचं. त्याची एक कड खरवडून खरवडून पार झिजली होती. आईचं, सासूबाईंचं, कुणाचंही उलथनं झिजतं त्याच्या नेमकी दुसऱ्या बाजूची. एवढं लोखंड दोन-चार वर्षांत झिजत नाही. म्हणजे धारलाही, त्या लोटलेल्या दाराआड, ती डाव्या हातानंच स्वयंपाक करत होती. आणि दाराबाहेर येऊन माझा हात बांधत होती.

बाबा तेराव्याला आले होते. उलथनं तसंच हातात घेऊन मी बाहेर गेले आणि विचारलं. ते सहज म्हणाले, "हो, ताईला लहानपणी होती ती सवय. तुझ्या आजीनं चिमटा तापवून मनगटावर लावला, मग सुटली." आत्याच्या मनगटावर डाग होता खरा, पण ती त्याला तेल उडाल्याची खूण म्हणायची. मी म्हणाले, "बाबा, सुटली नव्हती. आयुष्यभर सुटली नाही." बाबांनी उलथन्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं, आता झालं ते झालं."

झालं ते झालं कसं? मला संताप येतो तो याच शब्दांचा. एका मुलीला चिमटा लावतात आणि घरातले म्हणतात, सवय सुटली. ती मुलगी मोठी होऊन दुसरीचा हात बांधते आणि घरातले म्हणतात, वळण लावलं. आम्ही शिकलेले त्याला संस्कृतीची घडण म्हणतो आणि पेपरात दहा गुणांचं उत्तर लिहितो. आत्या, मला तुझाही राग येतो. तुला ठाऊक होतं, पाठीमागे बोटांना मुंग्या येतात कशा ते. मला त्या दाराआत घ्यायचं होतंस. दिवसातून एकदा, एक भाकरी थापायला... तू सोवळ्याची भिंत बांधलीस आणि तिच्याआड एकटीच मोकळी राहिलीस. मला बाहेर ठेवलंस. मुक्तापुढे ते ताट ठेवलंस तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाहीस. एकटी असताना तू स्वतःला वाढून घ्यायचीस ते पान होतं ते. मी त्याला श्राद्धाचं म्हणाले आणि तू ते म्हणू दिलंस.

उलथनं मी मागून घेतलं. दादाला वाटलं, आठवण म्हणून हवं असेल. आता ते बागलीला आमच्या शेगडीच्या डाव्या अंगाला टांगलेलं आहे आणि आमच्या स्वयंपाकघराचं दार सताड उघडं असतं. परवा मुक्ताचं पान मी आत्यासारखं वाढलं, चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे. सासूबाई दचकल्या. "अगं, हे पितरांचं पान लेकरापुढे?" भांडायला माझं तोंड उघडलं होतं. पण मी म्हणाले, "आमच्या माहेरची पद्धत आहे. आमची आत्या असंच वाढायची." पद्धत म्हटल्यावर त्या निवळल्या. म्हणाल्या, "असेल बाई, धारकडची असेल." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर मुक्ता जेवत होती. ताट सासूबाईंनी वाढलं होतं, आणि चटणी उजवीकडे होती.

"आमची पद्धत आहे", एवढंच म्हणायचं होतं, आत्या. तू एकदा तरी म्हणायचं होतंस.