गच्चीवरचा कॉम्प्युटर

ज्यांच्याकडे मशीन असतं त्यांच्याकडे प्रोग्राम साठतात. आमच्याकडे मशीन नव्हतं, म्हणून किस्से साठले. आजही आम्ही चौघं भेटलो की एखादा सुटतोच, आणि दर वेळी थोडा वाढलेला असतो!

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. सरोजाच्या मामेभावानं मुंबईहून सी भाषेच्या पुस्तकाची पुसट झेरॉक्स आणि इंटरव्ह्यूत विचारतात ते प्रश्न पाठवले. झालं! आमच्या गावच्या शुक्रवार पेठेत सरोजाच्या गच्चीवर आमची प्रॅक्टिस सुरू झाली. सरोजा, अक्कलकोटचा इराप्पा, माढ्याचा भानू आणि मी.

आम्हा तिघांना हौस होती, भानूला गरज. त्याच्या चुलत्यानं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्कची जागा धरून ठेवली होती. पुण्याच्या एका कंपनीतला इंटरव्ह्यू हुकला, की भानू काट्यावर.

"जन्मभर ऊस मोजत बसणार न्हाय मी," तो म्हणायचा. असं म्हणताना त्याचा चेहरा बघवत नसे.

* * *

मशीन नाही ना? मग मशीन आपणच व्हायचं! पाटीवर आकडा लिहून सरोजा बसायची ती 'ए', इराप्पा 'बी'. भानू पॉइंटर. पॉइंटरकडे स्वतःचं काही नसतं, आकडा कुणाकडे आहे तेवढं दाखवायचं. त्यामुळे भानू सरोजाकडे बोट करून तासभर उभा!

समोरच्या बाईंनी सरोजाच्या आईला बोलावून घेतलं. "त्ये माढ्याचं पोरगं तुमच्या पोरीकडं बोट करून हुबं असतंय!"

आई तरातरा वर आल्या. "काय रे, हिच्याकडंच का बोट?"

भानूनं बोट शांतपणे शेजारी वळवलं. "पुढची ओळ आली, काकू. आता इराप्पा."

* * *

दोघांचे आकडे अदलाबदल करायचे, तर एक आकडा घटकाभर सांभाळायला तिसरा माणूस लागतो. तो मी. एकदा तापानं दोन-तीन दिवस गेलो नाही. बरा होऊन गेलो, तर माझी पाटी भिंतीला उलटी टेकवलेली.

"तुझं काम संपलं," सरोजा म्हणाली. "माझ्याकडं पाच, इराप्पाकडं सात. मी बेरीज घेतली, बारा. त्यातनं त्याचे सात गेले, उरलेले पाच त्याला. मग बारातनं त्याचे पाच गेले, सात मला. तिसरा कशाला?"

तापानं मोडलो नव्हतो तेवढा त्या बेरजेनं मोडलो!

* * *

एकदा इराप्पा लूप झाला. आकडा दहा होईपर्यंत पाण्याच्या टाकीला फेऱ्या मारायच्या. पण दर फेरीला आकडा एकानं वाढवायचा, ही ओळ लिहायलाच आम्ही विसरलो. इराप्पा आपला फिरतोय! खालून आईंची हाक आली, भाकरी थंड होतेय.

"अरे, थांब की आता!" मी म्हणालो.

"थांबा असं लिवलंय का कुटं?" इराप्पा धापा टाकत ओरडला. "आदी लिवा, मग थांबतो!"

* * *

कॉलेजातल्या एका सरांकडे शिफारसपत्र मागायला गेलो. सर म्हणाले, "हे गिरण्यांचं गाव आहे. इथली पोरं कुठं कॉम्प्युटर चालवणार? बीएड करा." वर जिरवायला कोडं घातलं. शंभर पैलवान, हरला तो घरी, शेवटी एक उरला. कुस्त्या किती?

इराप्पा पन्नास, पंचवीस करत बोटं मोजायला लागला. भानू दारातूनच म्हणाला, "नव्व्याण्णव. तेवढ्यांची पाठ लागल्याबिगर एक उरंल कसा?"

सरांनी पत्र दिलं नाही. भानूनं परत मागितलंही नाही. मला मात्र त्या माणसाचा राग अजून येतो.

* * *

आणि हा किस्सा पुण्यातल्या इंटरव्ह्यूचा, खुद्द भानूच्या तोंडून ऐकलेला. समोर तीन साहेब. त्यांनी सांगितलेला प्रोग्राम भानूनं कागदावर लिहून दिला.

"कॉम्प्युटर पाहिलायस कधी?"

"न्हाय."

"मग हे बरोबर आहे कशावरून?"

"तुमच्याकडं हाय की. घाला त्यात!"

तिघंही हसले. पण मोठ्या साहेबांनी त्याला खरंच मशीनच्या खोलीत नेलं. ऑपरेटरनं कागद बघून प्रोग्राम टाइप केला. उत्तर आलं. चुकीचं!

साहेब हळूच म्हणाले, "चुकलास, बाळ."

भानू मागे हटला नाही. "टाइप कुणी केलं?"

ऑपरेटर चिडला. साहेबांनी भानूचा कागद टाइप केलेल्या ओळींशेजारी धरला. मधली एक ओळ गाळली होती. ती घालून प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि बरोबर उत्तर छापून आलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पुण्यात राहायची सोय आहे का?"

भानूची नजर मशीनवरून हटत नव्हती.

"ही खोली मोठी हाय की!"