पोट्टी म्हणजे मुलगी

वनमालाबाईंचं डोकं तापलं की त्या आधी चष्मा काढून पदरानं पुसत. त्या दिवशी समता कॉलनीतल्या हिंदी शाळेत मुख्याध्यापक हरिदाससरांसमोर उभं राहून त्यांनी तो तीनदा पुसला, तरी राग काही उतरेना.

एकवीस वर्षं दुसरीचा वर्ग सांभाळला होता बाईंनी, पण कुण्या लेकराला छडी म्हणून लावली नाही. पोरगं फारच वांड झालं तर त्याला आपल्या खुर्चीशेजारी बसवायचं आणि वर्गभराच्या पेन्सिली छिलून घ्यायच्या, एवढीच त्यांची शिक्षा. मुलींना हाक एकच, पोट्टी. मूळ घर नागपूरकडचं, तिकडे मुलीला दुसरं म्हणणार तरी काय!

मग हरिदाससर आले आणि त्यांच्याबरोबर शिस्तीचं लाल रजिस्टर आलं. तीन शेरे पडले की शाळेचा दाखला हातात. सात वर्षांच्या लेकरांना असला कायदा! बाईंच्या वर्गातल्या ईराच्या नावावर दोन शेरे आधीच होते, एक जोरात हसल्याचा, दुसरा बुटाची लेस सुटल्याचा. बाई दोन दिवस तापानं घरी पडल्या, सर वर्गावर आले, आणि तिसरा पडला. बाकावर जागा मिळेना म्हणून ईरानं तक्रार केली होती, ही पोट्टी सरकूनच नाही राहिली. शेजारची रडत घरी गेली. तिच्या आईनं ऐकलं पॉटी, म्हणजे शी, आणि दुसऱ्या दिवशी येऊन तिनं शाळा डोक्यावर घेतली. सरांनी ना विचारलं ना पाहिलं, 'गाली दी' असं लिहून मोकळे.

ईराचे वडील विशाल, तिकडे भनपुरीला ट्रकवर ड्रायव्हर. फुकट शिक्षणाच्या कोट्यातली ही जागा गेली तर वर्षाच्या मधेच पोरीला कोण घेणार? बाईंनी परोपरीनं समजावलं की पोट्टी म्हणजे मुलगी, शिवी नाही. सरांचं एकच, नियम म्हणजे नियम.

आता मात्र बाईंचं टाळकं सरकलं. त्यांनी रजिस्टर ओढलं, ईराचं नाव खोडलं आणि तिथं आपलं लिहिलं. रागात हिंदी पार विसरल्या.

"हा शब्द माझा आहे, सर. पोट्टीनं माझ्याजवळूनच उचलला. दाखला द्यायचा तर मले द्या."

सरांना शब्द कळले नसतील, सूर बरोबर कळला. दाखला टळला. पण वर्गात असली भाषा बोलणार नाही, असं त्यांनी बाईंकडून लिहून घेतलं. बाईंनी दात-ओठ खात सही केली, ती निव्वळ पोरीपायी.

सोमवारी पाहतात तर ईरा भिंतीला चिकटून, अंग चोरून बसलेली. ते लिहून दिलेलं गेलं चुलीत!

"अवं पोट्टे, ये इकडं. पेन्सिली छिलायच्या आहेत."

ईरानं घाबरून दाराकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच हिंदीत म्हणाली, "मैडम, ऐसा गंदा नहीं बोलते."