बसाकाकांचं माप

आमच्या दुकानात टीव्ही विकायचं काम माझं आणि तो गिऱ्हाइकाच्या भिंतीवर लावायचं काम बसाकाकांचं. हे नाव त्यांना मीच ठेवलं. नावं ठेवायची मला सवयच आहे. आपल्याकडे पाहुणा आला की घरचे त्याला 'बसा' म्हणतात. या गृहस्थांचं उलटं. दारात चपला काढल्या की हेच घरच्यांना म्हणतात, "बसा." लोक गोंधळतात, पण बसतात. आजोबा आपल्या ठरलेल्या खुर्चीत, सूनबाई सोफ्याच्या टोकाला, मुलं जमिनीवर. मग काका टेप काढतात, प्रत्येकाचे डोळे जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते मोजतात, भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढतात आणि टीव्हीचा मध्य त्या रेघेवर आणतात.

"एवढा खाली?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. लोकांना टीव्ही छताजवळ हवा असतो. काका शांतपणे सांगतात, "टीव्ही म्हणजे घड्याळ नाही, येता-जाता मान वर करून बघायला."

माझ्याकडे एवढा धीर नाही. मी गिऱ्हाइकाला विचारते, किती लांबून बघणार? ते सांगतात, शेजाऱ्यांचा पंचावन्न इंची आहे. अहो, मी खोली विचारली, शेजारी कुठे विचारले? दुकानात सगळे टीव्ही भडक रंगांत लावून ठेवलेले असतात आणि त्यांच्यापुढे भली भली शहाणी माणसं भुलतात. पावलं मोजून या म्हटलं की त्यांना वाटतं, हिला विकायचाच नाही.

तर एका मंगळवारी दुपारी बसाकाका काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"आज गिऱ्हाईक का?" मी म्हटलं.

"हो. पंचावन्नचा दाखव एक."

"तुमच्या हॉलला अगदी बरोबर होईल."

"हॉलला नको. आतल्या खोलीला हवाय."

आतली खोली मी पाहिलेली होती. एक पलंग, एक कपाट आणि माणसाला वळायला जेमतेम जागा. सात महिन्यांपूर्वी काकू स्टुलावरून पडल्या, मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्या याच पलंगावर होत्या. त्याआधी तीस-पस्तीस वर्षं त्यांनी घरीच शिवणकाम केलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की पट्टा बांधून रोज बसवा, आधी पाच मिनिटं, मग दहा. तसं केलं तर पायांत जोर परत येईल. काकू दोनदा बसल्या. दुसऱ्यांदा घेरी येऊन खुर्चीतून घसरल्या, काकांनी जेमतेम धरलं. मग मात्र काकांनी बसवायचं नावच काढलं नाही. डॉक्टरांना सांगायचे, "तिला झेपत नाही."

"पलंगापासून भिंत सहा फुटांवर," मी म्हटलं. "तिथे पंचावन्न? डोळ्यांची वाट लागेल त्यांच्या."

"छताजवळ लावणार. खाली झुकवून. उशीवर डोकं ठेवून दिसला पाहिजे." त्यांनी खिशातून कागद काढला. उशी, डोकं, डोळ्यांपासून भिंतीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत ठिपक्यांची रेघ, बाजूला सगळे आकडे. इतकं नेटकं चित्र त्यांनी कुणाच्याच घरासाठी काढलं नव्हतं. जन्मभर लोकांना टीव्ही खाली घ्या म्हणून सांगणारा माणूस स्वतःच्या घरात तो छताला टांगायला निघाला होता. मला राग आला. काकांचा आला की त्या कागदाचा, ते नीट सांगता येणार नाही.

"काकूंना विचारलंत?"

"तिला काय विचारायचंय? दिवसभर पंख्याकडे बघत पडलेली असते बिचारी. जरा करमेल."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्या घरी गेले. खोका टेम्पोवाल्याने वर आणून दिला. काकांनी शिडी थेट आतल्या खोलीत नेली.

"काय चाललंय?" पलंगावरून काकूंनी विचारलं.

"टीव्ही आणलाय. तुला पडल्या पडल्या दिसेल असा लावतो."

काकूंनी आधी खोका बघितला. मग म्हणाल्या, "बाहेर न्या तो."

"अगं, पण..."

"या खोलीत टीव्ही लागला की मी या खोलीचीच झाले. जेवण इथे, औषधं इथे, करमणूक इथे. मग बाहेर यायचंच कशाला? हॉलमध्ये लावा."

"हॉलमधला तुला दिसणार कसा?"

"बसून."

काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मागच्या वेळी घेरी आली होती, विसरलीस?"

"दोन महिने झाले त्याला. माझी घेरी तेव्हाच गेली. तुमचीच अजून उतरत नाही."

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. काका शिडीला धरून तसेच उभे. काकूंचा आवाज जरा उतरला. "सगळ्या गावाला बसा म्हणत फिरता. मला एकदा म्हणून बघा की."

काकांना ते म्हणता आलं नाही. पण त्यांनी शिडी भिंतीला टेकवली आणि कपाटातून पट्टा काढला.

दारामागे चाकांची खुर्ची होती. तिच्यावर टॉवेल वाळत होते. मी ते उचलले. काकूंना आधी कुशीवर वळवलं, पट्टा बांधला, पाय खाली सोडले आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून खुर्चीत ठेवलं. हॉलमध्ये पोचेपर्यंत त्यांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. एका अंगाला कलल्या होत्या, हनुवटी छातीकडे गेली होती, दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरलेली.

"घ्या माप," त्या म्हणाल्या.

काका गुडघ्यांवर बसले. इतरांच्या घरी अर्ध्या मिनिटात होणारं काम. आज टेपचं टोक जमिनीवरून तीनदा निसटलं. "अडतीस इंच," ते शेवटी म्हणाले.

"अडतीस? लहान मुलांचं वाटतंय. वाढत्या अंगाचं घ्या जरा." पोरींच्या फ्रॉकना दोन बोटं जास्तीची सोडण्यात जन्म गेलेली बाई ती.

"आज जेवढी बसलीस तेवढंच माप," काका म्हणाले आणि रेघ ओढली. माणूस उद्या कसा बसेल यावर ते कधीच भरवसा ठेवत नाहीत, ही त्यांच्या कामाची रीत. पण त्या दिवशी मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं की त्याहून वरची रेघ मनात आणायचीही त्यांना भीती वाटत होती.

काकू चार मिनिटं बसल्या. त्यांना परत आत निजवलं आणि हॉलमध्ये ड्रिल सुरू झालं. आतून आवाज आला, "पाणसळ धरलीत का? नाहीतर मला वाटायचं, मीच तिरकी बसलेय." काकांनी पाणसळीतला बुडबुडा दोनदा मधोमध आहे का बघितलं. टीव्ही टांगला, मी दुकानातले भडक रंग उतरवून माणसांचे चेहरे माणसांसारखे केले, बोलणं स्वच्छ ऐकू येईल असा आवाज लावला. चित्र फार सुंदर दिसत होतं आणि समोर रिकामी खुर्ची होती. मला धास्ती वाटली. ती अशीच रिकामी राहिली, तर रोज येता-जाता हा टीव्ही काकांच्या जिवाला लागणार होता, आणि तो मी विकलेला होता.

मग रोज सकाळी मी विचारायची आणि काका सांगायचे. "काल बातम्यांचे मथळे झाले." "काल पहिल्या जाहिरातीपर्यंत." एकदा जोरात म्हणाले, "काल जाहिराती संपून पुढचं थोडं बघितलं!" मध्ये काकूंना ताप आला, आठवडाभर काहीच नाही. मी विचारायचं सोडून दिलं.

चौथ्या महिन्यात दुकानातला फोन वाजला.

"तक्रार नोंदवायची आहे," एक करडा आवाज म्हणाला. मी आवाज ओळखला, तरी तक्रारीच्या चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. "टीव्ही तीन इंच खाली लागलाय. बघताना मान खाली घालावी लागते. तुमच्या माणसाचं माप चुकलंय."

"काकू, आमचा माणूस तर तुमच्याच घरात राहतो."

"त्याला सांगून झालं. तो म्हणतो, मागे रेल, दमशील. त्याला मी अजून अडतीसच इंचांची दिसते. तुम्ही चिठ्ठी द्या. दुकानाची चिठ्ठी असली की तो निमूट कामाला लागतो."

"काल किती वेळ बसलात?"

"सिनेमा संपून सगळ्यांची नावं वर जाईपर्यंत," काकू म्हणाल्या, आणि तोवर टिकवलेला तो करडेपणा त्यांना पुढे टिकवता आला नाही.

मी चिठ्ठी लिहिली. नाव, पत्ता, तक्रार. दुपारी काका एक काम आटोपून आले तेव्हा रोजच्यासारखी त्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने आधी पत्ता वाचला. मग खालची ओळ वाचली. मग चष्मा काढला.

"माझं माप चुकलं," ते मला म्हणाले. मग आत जाऊन मालकांना म्हणाले. मग एक अनोळखी जोडपं टीव्ही बघत उभं होतं, त्यांनाही जाऊन सांगितलं, "अहो, माझं माप चुकलं!" त्या दोघांना कळलं नसेल, हा माणूस रडतोय की हसतोय. मी त्यांची पिशवी आणली, तिच्यात ड्रिल आणि टेप टाकली आणि दुपारची उरलेली दोन्ही कामं उद्यावर ढकलली.